जर्नलमधले आम्ही

मला ‘मी’ म्हणायची सवय नाही. लहानपणी नागपुरात आमच्या घरी बाईनं उठसूट ‘मी’ म्हणणं जरा आगाऊपणाचंच समजलं जायचं. आई म्हणायची, ‘आम्ही नाही बा येत लग्नाला,’ आणि न जाणारी ती एकटीच असायची. ‘आम्हाला वांगं आवडत नाही’ म्हणजे तिला आवडत नाही. बाकी सगळं घर चवीनं वांगं खायचं. ही सवय मी सासरी घेऊन गेले, मग विमानात बसून इंग्लंडला घेऊन आले, आणि पंचवीस वर्षं तिनं कुणाचं काही बिघडवलं नाही. गेल्या वर्षी मात्र तिच्यापायी माझी राहती जागा जायची वेळ आली.

लंडनच्या पूर्व टोकाला इल्फर्डमधल्या एका मोठ्या दुकानात मी पडद्यांच्या विभागात होते. अकरा वर्षं. खिडकी किती रुंद, कापड किती लागेल, चुण्या किती घालायच्या, अस्तर हवं की नको, हे सगळं माझ्याकडे. गिऱ्हाईक ‘साधारण एवढी खिडकी आहे’ म्हणून हात पसरायचं आणि मी त्या हातांवरून माप सांगायचे. बहुतेक वेळा बरोबर यायचं. मग दुकानच बंद झालं. लोक आता पडदे फोनवरून मागवतात, ते आखूड पडतात, आणि लोक तसेच लावून टाकतात. कुणाच्या खिडकीत असे घोट्याच्या वर गेलेले पडदे दिसले की माझं डोकं अजून फिरतं.

दुकान सुटलं तेव्हा मी चौपन्न वर्षांची होते. घर भाड्याचं, दोन खोल्यांचं, दुसऱ्या मजल्यावर. नागपूरहून माझ्या दिरांचा फोन आला, ‘वहिनी, तिकडे एकटं कशाला कुढायचं, इथे वरची खोली रिकामी आहे.’ दीर चांगले आहेत, खोटं कशाला बोलू. पण ती वरची खोली म्हणजे काय ते मला पक्कं ठाऊक होतं. सकाळी सगळ्यांचा चहा आपण करायचा आणि संध्याकाळी टीव्ही दुसऱ्याच्या पसंतीचा बघायचा. ज्या जागेची किल्ली माझ्याच पर्समध्ये आहे ती जागा मला सोडायची नव्हती. एवढंच मला हवं होतं.

पण भाडं द्यायचं तर सरकारकडे बेकारीचा भत्ता मागायला हवा, आणि मी तर मागायलाच तयार नव्हते. ‘फुकटचं नको’ म्हणून अडून बसले. मुलगी ग्लासगोला फिजिओथेरपिस्ट आहे. जन्म इथलाच, त्यामुळे तिच्या मराठीत शब्द सगळे असतात, पण कोण स्त्रीलिंगी आणि कोण पुल्लिंगी हे ती आयत्या वेळी ठरवते. ती फोनवर म्हणाली, ‘आई, तू अकरा वर्ष टॅक्स भरला. आता हा तुझी हक्क आहे.’ व्याकरण गेलं खड्ड्यात, पण तिनं बरोबर शब्द पकडला. आमच्या माहेरी देव्हारा नव्हता, हक्क हा शब्द होता. वडिलांनी तो आम्हा बहिणींना बाराखडीच्या आधी शिकवला. मी त्याच संध्याकाळी फॉर्म भरायला बसले.

आमचा पासपोर्ट इथलाच झालेला, म्हणून मला मागता तरी येत होतं. आमच्या ओळखीत कितीतरी पोरंपोरी व्हिसावर आलेली आहेत, त्यांची नोकरी गेली तर यातलं काहीसुद्धा मिळत नाही. या भत्त्याला युनिव्हर्सल क्रेडिट म्हणतात. सगळं ऑनलाइन. त्यात एका पानावर प्रश्न होता: तुम्ही जोडीदाराबरोबर राहता का? मी ‘नाही’वर टिचकी मारली आणि पुढच्या पानावर गेले.

ते खरंच होतं. माझे मिस्टर चार वर्षांपूर्वी पुण्याला गेले. आधी एका प्रोजेक्टसाठी, मग त्यांच्या आत्याच्या आजारपणासाठी, मग नुसतेच. भांडण नाही, कोर्ट नाही, कागद नाही. एके दिवशी फोनवर म्हणाले, ‘माझे हिवाळ्याचे कोट कुणाला तरी देऊन टाक, उगाच कपाट अडतंय.’ तेव्हा मला कळलं. ज्याला परत यायचंय तो माणूस इंग्लंडमधले कोट वाटून टाकत नाही. मी कोट दिले, आणि लोकांना सांगायला लागले, ‘ते सध्या पुण्यात असतात.’ सध्या हा शब्द फार सोयीचा आहे. तो म्हटला की पुढचा माणूस मान हलवतो आणि हवापाण्याबद्दल बोलायला लागतो. ‘आम्ही’ही तसाच. ‘आम्ही येऊ रविवारी’ म्हटलं की कुणी विचारत नाही किती जण. स्क्रीनसमोर खरं सांगायला मला काहीच वाटलं नाही. माणसांसमोर जीभ उचलत नव्हती.

जॉब सेंटरला, म्हणजे भत्त्याच्या सरकारी ऑफिसात, पहिल्यांदा गेले तेव्हा नाक मुठीत धरूनच गेले होते. वाटलं होतं, काचेपलीकडून कुणीतरी उलटतपासणी घेईल. तर तिथे साधी टेबलं, आणि माझ्या वाट्याला आलेला वर्क कोच म्हणजे एक पन्नाशीचा गोरा माणूस. आधी तो बस चालवायचा, पाठ दुखायला लागली म्हणून इकडे आला, हे त्यानं आपणहून सांगितलं. दोन बोटांनी टाइप करायचा. त्यानं समजावलं की आठवड्याचे पस्तीस तास नोकरी शोधायची, म्हणजे नोकरी शोधणं हीच सध्या तुमची नोकरी. सीव्ही ते करून देतील, प्रवासाला अर्ध्या भाड्याचं कार्ड देतील, आणि एखादा कोर्स उपयोगाचा असला तर त्याचंही बघतील. मग त्यानं विचारलं, ‘तुम्हाला काय करायला आवडतं?’

चौपन्न वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, ‘मोजायला.’

तो हसला, आणि त्यानं ते टाइप केलं. मला तो माणूस आवडला.

जर्नल म्हणजे ऑनलाइन वही. रोज काय केलं ते मी त्यात लिहायचं आणि तिकडे तो वाचायचा. मी मनापासून लिहायचे. लिहायचे इंग्रजीत, पण डोक्यात मराठी. बार्किंगच्या शिलाईच्या दुकानात आम्ही अर्ज केला. आम्ही लायब्ररीत जाऊन सीव्ही सुधारला. मंगळवारी आम्हाला यायला जमणार नाही, आम्हाला दाताच्या डॉक्टरकडे जायचंय. सगळीकडे ‘वी’. नवराबायको मिळून एकच दात दाखवायला जातात, असं त्या बिचाऱ्याला वाटलं असणार.

वर आणखी एक घोळ मी स्वतःच्या हातानं घातला. चौथ्या का पाचव्या भेटीत त्याचं लक्ष माझ्या अंगठीकडे गेलं. त्यानं सहज विचारलं, ‘मिस्टर काय करतात?’ आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, ‘ही इज इन पुणे जस्ट नाऊ.’ सध्या पुण्यात असतात. त्यानं काहीतरी टाइप केलं. मला वाटलं, पुढच्या भेटीची तारीख असेल.

तिसऱ्या महिन्यात जर्नलमध्ये निरोप आला. माझ्या कोचचा नाही, दुसऱ्याच कुणाचा तरी. भाषा सभ्य होती, पण निरोप मी दोनदा वाचला. तुमच्या घरात कोण राहतं याची आम्हाला खात्री करायची आहे. नवरा थोड्या दिवसांसाठी परदेशी गेला असेल तर अर्ज दोघांचा धरला जातो, आणि त्यांची कमाईही कळवावी लागते. खुलासा होईपर्यंत भत्ता थांबवला आहे. पुढच्या गुरुवारी कागदपत्रं घेऊन या.

त्यांची कमाई पुण्यात उत्तम आहे. त्यातलं इकडे काही येत नव्हतं आणि मी मागितलंही नव्हतं, पण कागदावर आम्ही दोघं एक झालो की माझा भत्ता संपला. भत्ता संपला की जागा संपली. मग वरची खोली.

मी मुलीला फोन केला आणि अर्धा तास सरकारच्या नावानं बोटं मोडली. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘आई, मला तुझी जर्नल दाखव.’ व्हिडिओ कॉलवर तिला स्क्रीन दाखवायला मला कसं जमलं ते माझं मलाच माहीत. ती वाचत होती, मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

‘आई, हा वी कोण आहे?’

‘कोण म्हणजे? मी.’

‘मग आय का नाही लिहिला?’

मी म्हणाले, आपल्यात असंच बोलतात. ती म्हणाली, ‘आपल्यात बोलतात, पण हा तर इंग्लिश आहे. तू इथे टू पीपल आहे.’ आणि मग तिला ते दुसरंही सापडलं. त्या भेटीची नोंद कोचनं जर्नलमध्ये टाकली होती, ती मी कधी उघडूनसुद्धा बघितली नव्हती. हजबंड करंटली इन पुणे.

‘करंटली?’ ती म्हणाली. ‘फोर इयर्स म्हणजे करंटली असते?’

मी बोटानं ती नोंद स्क्रीनवरून वर सरकवली.

‘आई, बाबा सध्या नाही गेला. बाबा गेला.’

एरवी मी तिचं मराठी सुधारते. बाबा गेला नाही, बाबा गेले, असं म्हणते. त्या दिवशी त्या वाक्यात सुधारण्यासारखं मला काही सापडलं नाही. पोळी करपतेय असं सांगून मी फोन ठेवला. पोळी नव्हती, तवाही नव्हता. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि मनसोक्त रडले.

दुसऱ्या दिवशी खण उपसले. ते इथे राहत नाहीत, हे दाखवणारा एक तरी कागद हवा होता. कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे इथल्या घरपट्टीचं, बिल निघालं, दोघांच्या नावानं. घरात एकच माणूस राहत असेल तर तो टॅक्स कमी होतो हे मला माहीत होतं, पण त्यासाठी कौन्सिलला फोन करून एका अनोळखी मुलीला सांगावं लागलं असतं. म्हणून चार वर्षं मी गेलेल्या माणसाचाही टॅक्स भरत राहिले. भाडेकरार दोघांच्या नावानं. गॅस दोघांच्या नावानं. खालच्या बेलवर नाव त्यांचंच. मी इतका चोख संसार सांभाळला होता की तो सगळा माझ्याच विरुद्ध पुरावा झाला होता. मला स्वतःचा असा राग आला की ते कागद मी पलंगावर फेकले आणि त्यांच्यावरच बसले.

मग मी ते केलं जे मला करायचं नव्हतं. पुण्याला फोन लावला. त्यांना म्हणाले, ‘अहो, मला एक ओळ लिहून हवी आहे. तुम्ही इथे राहत नाही आणि परत येणार नाही, एवढंच.’

 ते म्हणाले, ‘लेखी कशाला? एकदा लिहिलं की चार लोकांना कळतं. त्यापेक्षा तू ती जागा सोड. भाऊ खोली देतोय ना? तिकडे जा, मग आपण पुढचं बघू.’

आपण बघू. लग्न झाल्यापासून मी हे ऐकत आले आहे. यांच्या ‘आपण’मध्ये बघायचं काम कायम माझ्याकडे असतं. घर बघायचं, मुलीची शाळा बघायची, बॉयलर बघायचा. भांडायला माझ्याकडे वेळ नव्हता. मी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला, आणि ते काही लिहून देणार नाहीत हे धरून चालले.

आता उरली एजवेअरची ताई. ती माझी सख्खी कुणी नाही. चाळीस वर्षांपूर्वी नर्स म्हणून इथे आली, आता रिटायर आहे. मूळची आमच्याकडचीच, त्यामुळे तोंडानं फटकळ. महिन्यातून एका रविवारी तिच्या घरी आम्ही विहारातले सगळे जमतो, वंदना होते, मग जेवण. कोण काय आणणार याची यादी ती वहीत लिहिते, आणि तिच्या वहीत माझ्या पदार्थापुढे अजून ‘श्री व सौ’ असतं. तिच्याकडून एक पत्र मिळालं तर चाललं असतं. पण मागायचं म्हणजे सांगायला हवं.

इल्फर्डहून एजवेअर म्हणजे अख्ख्या लंडनच्या पलीकडे. वाटेत मी तीनदा वाक्य जुळवलं आणि तीनदा ते मोडलं. पोचले तर ताई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. बस म्हणाली. मी बसले नाही. बसले असते तर बोलले नसते.

‘ताई, ते परत यायचे नाहीत,’ मी म्हणाले.

मराठीत, तोंडानं, दुसऱ्या माणसासमोर मी हे पहिल्यांदा म्हणत होते. ताईनं मान वर केली नाही.

‘हं,’ ती म्हणाली. ‘ती दुसरी जुडी घे. नुसती उभी काय राहतेस?’

मी जुडी घेतली. जरा वेळानं तीच म्हणाली, ‘चार वर्षं माणूस सध्या पुण्यात आहे म्हणे. तुला काय वाटलं, आम्हाला कॅलेंडर वाचता येत नाही?’

‘मग विचारलं का नाहीस कधी?’

‘मी काहून विचारू? तुझी गोष्ट होती. तू सांगशील तेव्हा ऐकणार होते.’

मला तिचा संताप आला. चार वर्षं मी केवढी कसरत केली होती. प्रत्येक रविवारी त्यांच्या वाटचंही हसून घेतलं होतं, दोघांच्या नावानं आहेर केले होते. आणि ही बाई सगळं जाणून मेथी निवडत होती. संताप दोन मिनिटं टिकला. मग असं हलकं वाटलं, की मी तिथेच स्टुलावर बसले आणि मेथीच्या काड्यांसकट पानं एकत्र करून टाकली. ताईनं ती सगळी परत निवडली आणि त्यासाठी माझा वेगळा उद्धार केला.

पत्र तिनं हातानं लिहिलं, नर्सच्या त्या सरळ अक्षरात. दया नाही, कौतुक नाही. मी या बाईंना वीस वर्षं ओळखते. चार वर्षांपासून त्या एकट्या राहतात. त्यांच्या आजारपणात मी दोन रात्री त्यांच्या घरी राहिले, तेव्हा घरात दुसरं कुणी नव्हतं आणि दुसऱ्या कुणाचे कपडेही नव्हते. कपड्यांचं तिनं कधी बघून ठेवलं होतं कोण जाणे. खाली सही, आणि गरज पडली तर मी समक्ष यायला तयार आहे, अशी एक ओळ.

बुधवारी मी लायब्ररीत गेले. कोचनं जर्नलमध्ये लिहिलं होतं, घाबरू नका, काय परिस्थिती आहे ते तुमच्या शब्दांत लिहा. माझे शब्द. मी तासभर त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत होते. शेवटी एका जुन्या पावतीच्या पाठीमागे आधी मराठीत लिहून बघितलं. मी एकटी राहते. इंग्रजीत अलोन म्हटलं की बाई की बाप्या ते कळत नाही. मराठीत ते लगेच कळतं, ‘एकटी’ म्हटल्याबरोबर ती मी झाले. वाचून वाईट वाटेल अशी माझी समजूत होती. तसं झालं नाही. वाक्य साधं होतं आणि खरं होतं.

मग टाइप केलं. मी एकटी राहते. माझे पती चार वर्षांपूर्वी गेले आणि ते परत येणार नाहीत. मी आधी ‘आम्ही’ लिहिलं, ती माझी बोलायची सवय आहे. नोकरी मी शोधते आहे, दात माझाच दुखत होता. ते शेवटचं वाक्य मी पुसायला गेले आणि मग राहू दिलं.

गुरुवारी कोचबरोबर एक बाई होत्या, तपासणीच्या. गंभीर चेहऱ्याच्या. त्यांनी ताईचं पत्र वाचलं, माझं बँकेचं स्टेटमेंट चाळलं, आणि मग तोच प्रश्न विचारला. हे ‘वी’ म्हणजे नक्की कोण?

मी सांगितलं, आमच्या भाषेत घरातल्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात. बोलता बोलता मला घाम फुटला, कारण हे इंग्रजीत सांगताना साफ बनवाबनवी वाटत होती. बाईंनी भुवया जरा वर केल्या.

तेवढ्यात कोच म्हणाला, ‘माझी आई यॉर्कशरची. घरात ती आणि मी, दोघंच. तरी ती म्हणायची, गिव्ह अस अ कप ऑफ टी. आम्हाला चहा दे. प्यायची ती एकटीच.’

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, ‘माझी आजी पण.’ आणि त्यांनी पुढचं पान उलटलं.

मी आयुष्यात पुष्कळ देवमाणसं बघितली, पण त्या क्षणी त्या बस चालवणाऱ्याच्या आईला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

सोमवारी जर्नलमध्ये निकाल आला. अर्ज एकटीचा धरला आहे, थांबलेला भत्ता सुरू होत आहे. खाली कोचची वेगळी ओळ होती: कौन्सिलला फोन करा, तुमचा टॅक्स कमी होईल. मी लगेच केला. पलीकडची मुलगी म्हणाली, ‘घरात आणखी कुणी राहतं का?’ मी म्हणाले, ‘नाही, मीच.’ तिनं ‘ओके, लव्हली’ म्हटलं आणि काम झालं. ज्या फोनला मी चार वर्षं घाबरले तो चार मिनिटांत संपला. आपण किती मूर्ख असू शकतो याला खरंच मर्यादा नसते.

पुढच्या भेटीत कोचनं एक जाहिरात समोर ठेवली. रॉमफर्डजवळ एक कारखाना आहे, तिथे हॉस्पिटलचे पडदे शिवतात, दोन खाटांच्या मधले. त्यांना माप घेणारं माणूस हवं होतं. पहिल्या भेटीत त्यानं टाइप केलेलं ‘मोजायला’ त्याच्या लक्षात होतं. फक्त तिथली मोठी मशिनं मला चालवता येत नव्हती. त्याचा दोन आठवड्यांचा कोर्स असतो, तो जॉब सेंटरच्या फंडातून झाला. वर्गात मी सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात कटकटी होते. शिकवणाऱ्याला मी तीनदा सांगितलं की त्याचा टेप ताणून ढिला झालाय. तिसऱ्यांदा त्यानं दुसरा टेप आणला आणि मीच बरोबर निघाले.

इंटरव्ह्यूला त्यांनी विचारलं, तुमचा जमेचा मुद्दा काय? आधीची मी असते तर म्हणाले असते, आम्हाला थोडंफार येतं. मी म्हणाले, ‘मी माप चुकत नाही.’ आठवड्यातून तीन दिवसांचं काम मिळालं. भत्ता एकदम बंद होत नाही, पगार येतो तसा हळूहळू कमी होतो, त्यामुळे भाड्याची काळजी मिटली. मुलीनं ग्लासगोहून केक पाठवला, त्यावर मराठीत लिहून घेतलं होतं, ‘आई तू भारी आहेत.’ मी फोटो काढून ताईला पाठवला. ताईनं उलट विचारलं, तुझं नाव लिहून घेतलंय रविवारच्या यादीत, पुरणपोळ्या किती आणतेस.

कामावर लागून महिना झाला असेल, तेव्हा पुण्याहून फोन आला. आवाज एकदम मोकळा. मुलीकडून त्यांना सगळं कळलं होतं.

‘चला, तुझं मार्गी लागलं, बरं झालं,’ ते म्हणाले. ‘मी काय म्हणतो, डिसेंबरात महिनाभर येतो. घरीच उतरेन. मग आपण निवांत बसून पुढचं बघू.’

पूर्वीची मी असते तर त्याच दिवशी गाद्यांना ऊन दाखवलं असतं. त्यांच्या आवाजात खरंच माया होती, ते मी नाकारत नाही. मी खिडकीशी उभी होते. पडदे माझ्या हातचे, जमिनीला बरोबर टेकलेले.

‘अहो,’ मी म्हणाले, ‘आलात तर हॉटेलात उतरा. या घरात मी एकटी राहते. तसं मी सरकारला लिहून दिलंय.’

 मग त्यांनी विचारलं, इल्फर्डमध्ये बरं हॉटेल कोणतं. मी स्टेशनजवळचं एक सांगितलं.